विमानतळावर फुगणारं काँक्रीट टाकायचं असेल तर

फुगणारं काँक्रीट म्हणजे पहिल्या आठवड्यात थोडं फुगून नंतरच्या आकसण्याच्या भेगा टाळणारं काँक्रीट. ते कुठं टाकू नये, ते आधी सांगते. रात्री शेवटचं विमान गेल्यावर धावपट्टी बंद करायची आणि पहाटे पहिल्या विमानाआधी खुली करायची, असं नोटॅम (वैमानिकांसाठीची सूचना) काढून केलेलं दुरुस्तीचं काम असेल तर हा विषयच काढू नका. या काँक्रीटला सात दिवस ओलं राहायला लागतं. रातोरातच्या दुरुस्तीला जगभर कॅल्शियम सल्फोअल्युमिनेटचं झटपट सिमेंट वापरतात. फुगणाऱ्या सिमेंटातही खनिज तेच असल्यामुळं विकणारे दोन्ही माल एकाच दमात सांगून मोकळे होतात. झटपट सिमेंट काही तासांत ताकद देतं, आणि आपल्याला हवं असलेलं सिमेंट आठवडाभर सावकाश फुगतं. माहितीपत्रकावर नुसतं ‘सीएसए’ (कॅल्शियम सल्फोअल्युमिनेट) लिहिलेलं बघून ऑर्डर देऊ नका.

दुसरी जागा म्हणजे काळी जमीन. बेळगावातून पूर्वेला बैलहोंगल, सौंदत्तीकडं निघालं की काळी रानं लागतात. मे महिन्यात त्यांना हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जूनमध्ये तीच जमीन फुगून वर येते. स्लॅबखालची जमीन अशी हलत असेल तर वरचं काँक्रीट कुठल्या सिमेंटचं आहे याला अर्थ उरत नाही. काळी माती काढायची किंवा चुन्यानं सुधारायची, न फुगणाऱ्या मुरमाचा थर दाबून घ्यायचा, त्यावर कोरडं लीन (कमी सिमेंटचं) काँक्रीट टाकायचं, आणि मग पुढचं बोलायचं. खानापूर रोडकडचा तांबडा मुरूम चांगला बसतो, पण ट्रकागणिक माती बदलते, म्हणून नमुना तपासल्याशिवाय घेऊ नका.

मग टाकायचं कुठं? एप्रनवर, म्हणजे विमानं उभी राहतात तिथं, हँगरपुढच्या फरशीवर, अजून वाहतूक सुरू न झालेल्या नव्या टॅक्सीवेवर, म्हणजे एप्रन ते धावपट्टीच्या रस्त्यावर. आपल्याकडं बऱ्याच धावपट्ट्या डांबरी असल्या तरी एप्रन काँक्रीटचा करतात. उभ्या विमानाचं वजन एकाच जागी तासन्‌तास बसतं, आणि सांडलेलं इंधन व हायड्रॉलिक तेल डांबर खातं. काँक्रीटच्या एप्रनचं दुखणं सांध्यांत असतं. साध्या काँक्रीटमध्ये पाच-सहा मीटरवर सांधा द्यावा लागतो. त्याच्या कडा उडतात, कपच्या निघतात, आणि इंजिनानं एखादी कपची आत ओढली तर कोटींचं नुकसान होतं. सांधे कमी केले तर कपच्या कमी निघतात आणि सांध्यात भरायच्या सीलंटचा खर्चही घटतो. या काँक्रीटचा खरा फायदा एवढाच आहे. ते साध्या काँक्रीटपेक्षा मजबूत असतं असं कुणी सांगितलं तर चहा पाजून वाटेला लावा.

माझी बेळगावच्या उद्यमबागेत मटेरियल टेस्टिंगची लॅब आहे. आमच्या भागात फौंड्र्या आणि मशीनशॉप भरपूर, त्यामुळं मोठ्या सलग फरशा आणि त्यांच्या भेगा बघतच मी या धंद्यात मुरले. आता सांबरा (बेळगावचा विमानतळ), हुबळी, कोल्हापूर, कुठल्याही विमानतळाचं काम निघालं की टेंडर भरणारे विचारायला येतात. त्यांना जे तोंडी सांगते तेच इथं लिहिते आहे.

आत काय होतं

साधं काँक्रीट वाळताना साधारण ०.०४ ते ०.०८ टक्के आकसतं. ०.०५ धरलं तर वीस मीटरच्या स्लॅबमागं दहा मिलिमीटर होतात. खालची जमीन स्लॅबला धरून ठेवते, त्यामुळं त्याला मोकळेपणानं आकसता येत नाही. मग ताण येतो आणि स्लॅब फाटतो. फुगणाऱ्या काँक्रीटमध्ये सल्फोअल्युमिनेट, चुना आणि जिप्सम यांच्यापासून पहिल्या आठवड्यात एट्रिंजाइट नावाचे सुईसारखे स्फटिक तयार होतात. त्यांच्यामुळं स्लॅब आधी थोडा वाढतो. आत सळई असते, ती त्याला धरते. सळई ताणली जाते आणि काँक्रीट दाबलं जातं. पुढं काँक्रीट वाळून आकसायला लागलं की हा साठवलेला दाब आधी सुटतो, आणि स्लॅब फाटायच्या ताणापर्यंत पोचत नाही.

फ्रान्समध्ये लॉसिए यांनी अशा सिमेंटवर आधी काम केलं होतं, पण आजचं ‘टाइप के’ हे फुगणारं सिमेंट उभं राहिलं ते बर्कलीच्या अलेक्झांडर क्लाइन यांच्या १९५० च्या दशकातल्या संशोधनावर.

आता एक आकडा डोक्यात ठेवा. एट्रिंजाइटच्या एका रेणूत पाण्याचे ३२ रेणू असतात. म्हणजे फुगण्याचा कच्चा माल पाणीच आहे. पाणी मिळालं नाही तर महागाची पावडर घालून तुम्ही साधंच काँक्रीट टाकलंय. आणि फुगलं, पण धरायला सळई नाही, तर ते नुसतंच वाढतं आणि नंतर साध्या काँक्रीटसारखं आकसून फाटतं. पाणी आणि सळई या दोन गोष्टींवर मी चिकट आहे. बाकी बाबतीत तडजोड करते.

माल घेताना

आपल्या बाजारात तयार फुगणाऱ्या सिमेंटचं पोतं सहसा मिळत नाही. मिळते ती पावडर, जी साध्या सिमेंटमध्ये मिसळायची. मालाप्रमाणं प्रमाण बदलतं, ढोबळमानानं एकूण सिमेंटच्या सहा ते पंधरा टक्के. दुकानात ‘एक्स्पान्सिव्ह ॲडमिक्श्चर’ मागितलं की हमखास ग्राउटची, म्हणजे फटी भरायच्या पातळ मिश्रणाची, पुडी हातात पडते. त्यात ॲल्युमिनियमची भुकटी असते. काँक्रीट ओलं असतानाच ती वायूचे बुडबुडे काढते आणि ग्राउट तेवढ्यापुरतं फुगतं. मशीनच्या पायाखाली ते बरोबर आहे. घट्ट झाल्यावरच्या आकसण्यावर मात्र त्याचा काही उपयोग नाही. विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: फुगणं घट्ट होण्याआधीचं की नंतरचं? उत्तराला अडखळला तर माल परत.

सिमेंट ओपीसीच, म्हणजे साधं पोर्टलँडच घ्या. गोकाक-यादवाड, मुधोळ पट्ट्यात सिमेंटचे कारखाने आहेत, ताजा माल मिळायला अडचण नाही. पण दुकानदार पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट, पुढं करतो, कारण घरबांधणीत तेच जास्त खपतं. पीपीसीतली राख फुगणं कमी करू शकते. राख घालायचीच असेल तर ट्रायल मिक्समध्ये राखेसकट फुगण्याचा आकडा काढा. कॅल्शियम क्लोराइड असलेला कुठलाही ॲक्सिलरेटर (काँक्रीट लवकर घट्ट करणारं रसायन) चालणार नाही. सुपरप्लास्टिसायझर (पाणी न वाढवता काँक्रीट पातळ करणारं रसायन) चालतो, पण ज्या डब्यातला ट्रायलला वापरला त्याच कंपनीचा कामालाही पाहिजे. ऐन वेळी स्वस्तातला आणला तर माझ्या रिपोर्टवर माझी सही राहणार नाही.

पावडर दमट हवेत पडून राहिली की फुगायची ताकद गमावते. खानापूरच्या बाजूला पावसाळ्यात गोदामाच्या भिंतीसुद्धा पाझरतात. जूनमध्ये आणून नोव्हेंबरमध्ये वापरायची असा हिशेब करू नका.

पाणी बोअरचं असेल तर लॅबमध्ये पाठवा. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणं सल्फेट लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या आत आणि सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइड ५०० च्या आत हवं. खडी आपल्याकडची काळ्या दगडाची, तिच्याबद्दल तक्रार नाही. क्रश सँडमधली भुकटी मात्र बघा, ती जास्त असली की मिक्स पाणी मागत सुटतं.

ट्रायल आणि प्रिझम

फुगण्याची चाचणी एएसटीएम सी ८७८ या अमेरिकी मानकाप्रमाणं करायची. ७५ बाय ७५ बाय २५० मिलिमीटरचा प्रिझम, मधून आटे पाडलेली स्टीलची सळई, दोन्ही टोकांना पोलादी पट्ट्या. पाणी घातल्यापासून सहा तासांनी साचा सोडून पहिलं माप घ्यायचं, मग चुन्याच्या संपृक्त पाण्यात बुडवून ठेवायचं, आणि सातव्या दिवशी पुन्हा मोजायचं. ०.०३ टक्क्यांच्या खाली आलं तर डोस वाढवा. ०.१० च्या वर गेलं तर कमी करा. मी एप्रनसाठी ०.०५ च्या आसपास आलेला मिक्स पास करते. पहिलं माप सहा तासांनी घ्यायचं म्हणजे संध्याकाळी कुणीतरी लॅबमध्ये थांबायला पाहिजे. ‘उद्या सकाळी घेऊ’ म्हटलं की पहिल्या रात्रीचं फुगणं हिशेबातून जातं आणि आकडा उगीचच लहान दिसतो.

ट्रायल थंडगार लॅबमध्ये, काँक्रीट मिक्सरमधून काढून लगेच साच्यात, असं करू नका. प्लँटपासून साइटपर्यंत ट्रान्झिट मिक्सरला जेवढा वेळ लागणार तेवढा वेळ ते फिरवा, मग साचे भरा. गाडी जास्त वेळ घुमत राहिली, हवा तापली, की एट्रिंजाइटचा काही भाग वाटेतच तयार होऊन वाया जातो. स्लम्पही, म्हणजे काँक्रीटचा पातळपणा, साध्या काँक्रीटपेक्षा लवकर पडतो. उद्यमबागेतून सांबऱ्याला जायचं म्हणजे अख्खं शहर ओलांडायचं. सकाळी दहाला निघालेला मिक्सर कधी पोचेल हे ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. रात्रीचं काम लावा, किंवा प्लँट विमानतळाच्या बाजूलाच बघा.

विमानतळाच्या कामात क्यूबपेक्षा (दाबून मोडायचा नमुना) बीमचा (वाकवून मोडायचा नमुना) आकडा महत्त्वाचा, कारण स्लॅब वाकून मोडतो. तो डिझाइनप्रमाणं आल्याशिवाय नुसत्या फुगण्यावर खूश होऊ नका.

सळई आणि सांध्यांची मांडणी

एप्रनचा स्लॅब ४०० मिलिमीटर धरू. अमेरिकेच्या एसीआय २२३ या मार्गदर्शिकेप्रमाणं दोन्ही दिशांना कमीत कमी ०.१५ टक्के सळई पाहिजे. म्हणजे मीटरला ६०० चौरस मिलिमीटर. १२ मिलिमीटरची सळई १८० वर टाकली की भागतं. जागा वरून एक-तृतीयांशावर, म्हणजे १३० मिलिमीटरच्या आसपास. वजन, लॅप (सळया एकमेकींवर चढवलेला भाग) सोडून, चौरस मीटरला जवळपास दहा किलो. ‘एप्रनला कधी जाळी टाकतात काय?’ असं कंत्राटदार इथंच म्हणतो. साध्या एप्रनला बहुतेक ठिकाणी नाही टाकत, बरोबर आहे. पण इथं सळई भार घ्यायला नाही, काँक्रीट धरायला आहे. जाळी उचलून धरणाऱ्या सळईच्या खुर्च्या नीट बांधा. जाळी तळाला टाकून काँक्रीट ओतताना आकड्यानं वर ओढायची पद्धत आपल्या गवंड्यांत आहे, ती इथं बंद.

आता पॅनेलचा, म्हणजे सांध्यांमधल्या एका सलग तुकड्याचा, आकार. कारखान्याच्या फरशीत तीस मीटरचा चौकोन एका दमात टाकतात, ते ऐकून लोक एप्रनवरही तेच मागतात. पण फरशी असते दीडशे-दोनशे मिलिमीटरची. चारशेचा स्लॅब तीस बाय तीस टाकायचा म्हणजे ३६० घनमीटर, सहा घनमीटरच्या साठ गाड्या. प्लँटवर ताशी तीस लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात वीस मिळाले तर नशीब. म्हणजे अठरा तास. तेवढ्यात मधे एक तरी गाडी अडकणार आणि कोल्ड जॉइंट (घट्ट झालेल्या आणि नव्या काँक्रीटमधला कच्चा जोड) पडणार. म्हणून मी वीस बाय वीस सुचवते. १६० घनमीटर होतं, सत्तावीस गाड्या, एका रात्रीत उरकतं. पाच मीटरच्या चौकटीशी तुलना केली तर एवढ्या पॅनेलमध्ये १२० मीटर सांधा वाचतो. पॅनेल शक्यतो चौकोनी ठेवा, लांबी रुंदीच्या दीडपटीवर जाऊ देऊ नका. लांब पट्ट्या टाकायची सवय असलेल्या पेव्हरवाल्याला (काँक्रीट पसरायच्या मशीनवाल्याला) हे आधीच सांगायला लागतं.

लीन काँक्रीटवर पॉलिथिनचे दोन थर अंथरा, म्हणजे स्लॅब त्यावर सरकेल. ०.०४ टक्के फुगलं तर वीस मीटरला आठ मिलिमीटर. दोन्ही कडा मोकळ्या असतील तर एकेका बाजूला चार. एक बाजू जुन्या स्लॅबला, गटाराच्या भिंतीला किंवा हँगरच्या खांबाला टेकली असेल तर सगळे आठ दुसऱ्या बाजूला जाणार. अशा प्रत्येक अडथळ्याभोवती दाबला जाणारा फोम घाला, जाडी अपेक्षित फुगण्याच्या निदान दुप्पट. मी सरसकट वीस मिलिमीटर लिहून देते. डांबरात भिजवलेला कडक बोर्ड नको, तो दबत नाही. लाइटचे बेस, इंधनाच्या हायड्रंटचे खड्डे, ड्रेनची झाकणं, सगळ्यांना फोमची गुंडाळी पाहिजे. नकाशा घेऊन साइटवर फिरा आणि खडूनं खुणा करा.

बुद्धिबळाच्या पटासारखं एक सोडून एक पॅनेल टाकून नंतर मधले भरायचे, ही साध्या काँक्रीटची रीत इथं उलटते. मधल्या पॅनेलला चारी बाजूंनी घट्ट झालेल्या भिंती मिळतात आणि त्याला वाढायला जागा नाही. कोपऱ्यातून सुरुवात करा आणि प्रत्येक नव्या पॅनेलच्या एकमेकींना लागून असलेल्या दोन कडा मोकळ्या राहतील असं पुढं जा. डॉवेल, म्हणजे सांध्यातून दोन पॅनेल जोडणारे गज, लागतात, कारण विमानाचं चाक एका पॅनेलवरून दुसऱ्यावर जाताना भार पुढं द्यायचा असतो. पण गोल डॉवेल पॅनेलला आडवं सरकू देत नाहीत. बाजूला फोम लावलेले चौकोनी किंवा पट्टीचे डॉवेल मिळतात, ते घ्या, आणि ते दोरीत आहेत याची खात्री करा.

उन्हाळा-हिवाळ्याचं प्रसरण-आकुंचन हे काँक्रीट थांबवत नाही. काळ्या दगडाच्या काँक्रीटला अंशामागं साधारण नऊ दशलक्षांश धरा. वीस मीटर, तीस अंशांचा फरक, म्हणजे साडेपाच मिलिमीटर. सांध्याची रुंदी आणि सीलंट या हालचालीवर ठरवा. एप्रनवर इंधन सांडतं, म्हणून इंधनाला टिकणारं पॉलिसल्फाइड.

आणि सांधे कापणारा कटरवाला. त्याला कुणी काही सांगितलं नाही तर तो सवयीनं रात्रीच मशीन घेऊन येतो आणि पाच मीटरवर रेघा मारतो. एक-तृतीयांश खोल गेला की पातं थेट सळईवर. गेटवरच्या यादीत त्याचं नावच नको.

टाकायचा दिवस

बेळगावात पाऊस उघडल्यापासून, म्हणजे दिवाळीच्या आसपासपासून, डिसेंबरपर्यंतचा काळ उत्तम. विहिरी, तळी भरलेली असतात आणि हवा अजून तापलेली नसते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारची हवा फार कोरडी आणि वारा सुटतो. एप्रिल-मेमध्ये दुपारी ऊन आणि चारनंतर वळीव, गारांसकट. अर्धा पॅनेल टाकून झाला आणि सांबऱ्यावर आभाळ काळं झालं, ही वेळ दुश्मनावरही येऊ नये. काँक्रीट ३० अंशांच्या आत ठेवा, खडीवर सावली करा.

या काँक्रीटवर पाणी सुटत नाही, किंवा अगदी थोडं सुटतं. गवंडी वर पाणी येण्याची वाट बघत बसतो, तेवढ्यात वरचा थर वाळून बारीक चिरा पडतात. म्हणून स्क्रीड (वरचा थर पट्टीनं सपाट करणं) झाल्याबरोबर फिनिशिंगला लागा, वाऱ्याच्या बाजूला नेटचा आडोसा करा, आणि फवाऱ्यानं धुकं धरा. धुकं म्हणजे धुकंच, पाइपनं पाणी मारायचं नाही. मुकादमाला विचारलं, "काय करूलालास?" की उत्तर ठरलेलं: "मॅडम, वाळूलालंय की, जरा पाणी मारूलालोय." अथणी-गोकाकचे कामगार असले तर मी कन्नडमधून ओरडते, "नीर हाकब्याड्री!" म्हणजे पाणी घालू नका. आणि आठ-दहा तासांनी याच माणसांना मी पाणी घाला म्हणून ओरडत असते, त्यामुळं मॅडमचं डोकं फिरलंय असं त्यांचं ठाम मत आहे. झाडू मारून टेक्स्चर झालं की ओलं बारदान.

सात दिवस पाणी

काँक्रीटवर पाय उमटेनासा झाला की मातीचे बांध घालून वाफे करा आणि पाणी कोंडा. वीस बाय वीसच्या पॅनेलवर पाच सेंटिमीटर म्हणजे वीस हजार लिटर, पाच हजारांचे चार टँकर. रोज पाच-सहा मिलिमीटर उडतं असं धरलं तर दोन-अडीच हजार लिटर, आणि बांधातून गळतं ते वेगळं. म्हणजे पॅनेलमागं एक टँकर दिवसाआड, निदान. चार पॅनेल एका वेळी ओले असतील तर रोज दोन टँकर. हा हिशेब काँक्रीटच्या आधी मांडा आणि टँकरवाल्याशी लेखी बोलून ठेवा, सणाचे आणि लग्नाचे दिवस धरून. क्युरिंग कंपाउंड (काँक्रीटवर फवारायचा, ओल राखणारा लेप) मारून निघून जायचं नाही. कंपाउंड आतलं पाणी राखतं, या काँक्रीटला बाहेरून मिळालेलं पाणी हवं असतं. वाफे जमत नसतील तर दुहेरी बारदान, वर प्लास्टिक, आणि दिवसातून तीनदा पाणी. रात्रपाळीचा एक माणूस फक्त याच कामाला. विमानतळाच्या हद्दीत प्लास्टिक वाऱ्यानं उडून गेलं तर सुरक्षावाले काम बंद पाडतात, म्हणून कडांवर वाळूच्या पिशव्या ठेवा.

फुगतंय की नाही हे बघायला महागडं यंत्र लागत नाही. मोकळ्या कडेजवळ जमिनीत लोखंडी खुंटी पक्की ठोका, तिच्यावर डायल गेज बसवा, टोक स्लॅबच्या कडेला टेकवा. रोज पहाटे, एकाच वेळी, आकडा आणि स्लॅबचं तापमान वहीत लिहा. दुपारचं माप घेतलं तर ऊन मोजलं जातं, फुगणं नाही. तिसऱ्या दिवशीही काटा जागचा हलला नसेल तर वाफे कोरडे पडलेत का, फोमच्या जागी कडक बोर्ड घातलाय का, ते बघा आणि प्रिझमचा आकडा पुन्हा तपासा. सातव्या दिवसानंतर पाणी एकदम काढू नका. बारदान दोन-तीन दिवस राहू द्या, ते सावकाश वाळेल. सीलंट सांधा कोरडा आणि स्वच्छ झाल्यावरच. विमान बीमचा आकडा आल्यावर.

टेंडर भरताना पाणी ‘काँक्रीटच्या दरात समाविष्ट’ असं लिहिलेलं असतं. प्री-बिड बैठकीत उठून त्याचा वेगळा आयटम मागा, टँकरच्या संख्येत नव्हे, चौरस मीटर-दिवसांत. आठवडाभर ओलं ठेवलं तरच बिल, असं कागदावर आलं की साइटवर माझं अर्धं ओरडणं वाचतं.